पाच वाजताच्या वेण्या

मुलगी दहावीत गेली त्या जूनमध्ये बायकोचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि वर्षभर धीर धरा म्हणाले. भाकरी कशीबशी व्हायची, पण मुलीच्या वेण्या होईनात. शाळेत दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनीत, असा कडक नियम. मुलीचे केस कमरेपर्यंत, तिचे तिला एकटीला आवरत नव्हते. बायको म्हणाली, "तुम्ही घाला की. रानात बायकांना शिकवत फिरता, घरात एवढं जमंना का?"

मी बदनापूरला राहतो आणि एका बियाणे कंपनीत फिल्डवर काम करतो. अंबड, वडीगोद्रीकडचे कपाशीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट माझ्याकडे आहेत. कितीतरी वर्षं घरी मी फक्त जेवायला आणि झोपायला असायचो. मुलगी माझ्याशी बोलायची ती सहीपुरती. "पप्पा, इथं सही," म्हणाली की मी सही करायचो, वर काय लिहिलंय ते न वाचता. भांडण काहीच नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं. आणि दहावी झाली की ती लातूरला जाणार हे ठरलेलं होतं. आमच्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणणारी पोरं लातूरला क्लासला जातात, होस्टेलवर राहतात, आणि नंतर घरी येतात ती पाहुण्यासारखी. म्हणजे माझ्या हातात एकच वर्ष होतं. हे कळायला मला हातात कंगवा यावा लागला.

पहिल्या दिवशी मी तिच्या वेण्या पोत्याचं तोंड बांधावं तशा आवळल्या. संध्याकाळी ती डोकं धरून बसली होती. मला राग आला, स्वतःचाच, पण निघाला तिच्यावर. "मंग सकाळीच सांगायचं न्हाई का?" म्हणून ओरडलो. ती पुस्तक घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीच्या एका प्लॉटवर खुरपायला आलेल्या बायकांमध्ये एक म्हातारी होती, सगळ्या तिला खाला म्हणायच्या. लाज गुंडाळून तिलाच विचारलं. सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसल्या. खालानं जुन्या ओढणीच्या तीन चिंध्या बांधावरच्या कडुलिंबाच्या फांदीला बांधल्या आणि मला समोर उभं केलं. "इत्ता जोर नक्को लगाओ साब," ती म्हणाली, "बच्ची का सर है, बोरी नै." आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत माझी शिकवणी चालली. शेतमालक लांबून बघायचा आणि साहेबाला ऊन लागलं असं समजायचा.

जुलैपर्यंत हात बसला. मी पलंगावर, ती खाली पाठमोरी. तोंड दिसत नसलं की ती बोलायची, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. गणिताची भीती वाटत नाही, पण नवीन खोलीत झोप लागत नाही, लातूरला कसं होणार, असं एकदा म्हणाली. मी लगेच चार उपदेश केले आणि ती गप्प झाली. नंतर शिकलो, नुसतं हं म्हणायचं आणि केसातून कंगवा फिरवत राहायचं. मोबाइलवर कोणी ना कोणी सांगत असतं की बापानं मुलांना रोज इतका वेळ द्यावा. त्यातल्या एकालाही वेणी घालता येत असेल असं मला वाटत नाही.

ऑगस्टमध्ये क्रॉसिंग सुरू झालं. आदल्या संध्याकाळी बायका कपाशीच्या कळीतला नर भाग काढून टाकतात, लाल कागदाची खूण करतात, आणि दुसऱ्या सकाळी त्यावर दुसऱ्या फुलाचा पराग लावतात. दुपार झाली की ते फूल गेलं. त्यामुळे मला सव्वापाचला घर सोडावं लागायचं. मी म्हणालो, "दोन महिने शेजारच्या काकूंकडून घालून घे."

"मी उठते की पाचला," ती म्हणाली.

आणि खरंच उठली, रोज. डोळे मिटलेलेच असायचे, मान माझ्या गुडघ्यावर कलंडायची. वेण्या झाल्या की पुन्हा पालथी झोपायची, रिबिनी चेपू नयेत म्हणून. शाळा साडेदहाची. मी गाडीला किक मारताना मोठा तीर मारल्यासारखा खूश असायचो.

लातूरला जायच्या आदल्या दिवशी ती मानेपर्यंत केस कापून आली. होस्टेलवर पाणी कमी, वेळ त्याहून कमी. मी म्हणालो, "बराबर केलंस." इतकं खोटं मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन.

दिवाळीला चार दिवस आली. बरीचशी झोपली. केस तिचे तिनं एका हातानं विंचरले, मी दारात उभा राहून बघितलं. ती परत गेली त्यानंतर एका सकाळी मी नेहमीसारखा पाचला उठून पलंगाच्या कडेवर बसलो होतो. बायकोचा खांदा आता बरा आहे. तिनं चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली.

"सांगू नको म्हणाली होती, पण सांगते," बायको म्हणाली. "क्रॉसिंगच्या दिवसांत झोपून उठली की वेण्या पार उस्कटलेल्या असायच्या. शाळेत मॅडमनं दोनदा प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभं केलं तिला. मी म्हणलं, काकूंकडून नीट करून घे. तर म्हणे, न्हाई मम्मी, पप्पांच्या हातच्या हायेत."

मी चहा तसाच ठेवून मागच्या अंगणात गेलो आणि रडलो. पन्नाशीला आलेल्या माणसानं रडू नये असं म्हणतात, म्हणोत. मला त्यातली एक सकाळ परत हवी होती. एकच, उस्कटलेल्या वेण्यांची.

रविवारी होस्टेलवर पंधरा मिनिटं फोन मिळतो. त्यातली बारा मम्मीची. त्या रविवारी मला मनातलं सगळं बोलायचं होतं, पण फोन हातात आल्यावर जेवलीस का, एवढंच विचारलं.

"जेवले. पप्पा, तुम्ही आजकाल किती वाजता उठता?"

"पाचला."

"क्रॉसिंग तर संपलं असंल ना?"

"संपलं. सवय लागली. तुमच्याकडं उठायची घंटी कधी होते?"

"सहाला."

"मंग बरंय, तेवढं तरी झोपायला मिळतं."

मागे पोरींचा गलका ऐकू येत होता.

"न्हाई पप्पा," ती म्हणाली, "मी बी पाचलाच उठून बसते."