रस्त्यावरून उचललेली सवत

मला एक सवत आहे. आमच्या स्वारीने ती आपल्या मनाने आणली नाही. मीच त्यांना ती भर रस्त्यातून उचलायला लावली. आणि उचलली तेव्हा तिला मरून तीन वर्षे झाली होती.

सूनबाई म्हणतात, "सासूबाई, असलं काही लिहू नका, लोक हसतील." हसू देत. सतराव्या वर्षी मी जी काय होते, तिला कुणीतरी हसायलाच हवे. तेव्हा कुणी हसले नाही म्हणून ती एवढी शेफारली.

आमचे घर ठाण्याला, कोपरीत. खाडी हाकेच्या अंतरावर, वाऱ्याबरोबर मिठागरांचा वास घरात येई. स्वारी एका पारशी शेटजींच्या पेढीत कारकून होती. शेटजींची एक पेढी चीन देशात, अमॉय नावाच्या बंदरात होती आणि तिथला कारकून आजारी पडून परतला होता. तिथे जायला कुणी तयार होईना, तेव्हा यांनी मान डोलावली. घरात रडारड झाली. समुद्र ओलांडला की जात गेली, हे तर होतेच. पण सासूबाईंचा घोर वेगळा होता. तिकडे गेलेले पुरुष तिथली बायको करतात, असे त्यांनी कुठूनतरी ऐकले होते. दोन दिवस विचार करून त्यांनी मला माजघरात बोलावले.

"तूही जा. प्रायश्चित्त एकाचं काय नि दोघांचं काय, भटजी तोच. पण एक सांगते, येताना माझ्या घरात सवत घेऊन आलीस तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तिलाही नाही आणि तुलाही नाही."

मी मान हलवली. मेतकूट, आमसुले, पापड आणि कुंकवाचा करंडा एवढे घेऊन मी नवऱ्यावर पहारा ठेवायला चीन देशी निघाले.

अमॉयला आमचे बिऱ्हाड गावात नव्हते, समोरच्या लहानशा बेटावर होते. परदेशी लोक तिथेच राहत. बाजार, देवळे, पेढी, सगळे पलीकडच्या तीरावर. म्हणजे मीठ संपले तरी होडी. एक बाई पाठीला मूल बांधून उभ्याने वल्हे मारी, आणि मी तळाशी डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसे. पलीकडे उतरले की खुर्ची करायची. खुर्ची म्हणजे आपला मेणाच, बांबूच्या दोन दांड्यांवर. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुसरी खुर्ची आली तर भोई एकमेकांना शिव्या घालत भिंतीला चिकटत. पडदा सोडून बसायचे असे सासूबाईंनी बजावले होते. मी एक बोट फट ठेवत असे. त्या एका बोटाने घात केला.

उन्हाळ्यातली सकाळ होती. स्वारी खुर्चीच्या बाजूने चालत होती. गल्लीच्या वळणावर फरशीवर मला एक पुडी दिसली. लाल कागदाची, छान घडी घातलेली. आमच्याकडे देवळाबाहेर कुंकू घेतले की अगदी अशीच पुडी बांधून देत. सवाष्णीच्या डोळ्यांदेखत कुंकू पायदळी जाणार!

"अहो! अहो, कुंकवाची पुडी पडलीय. कुणाचा पाय पडेल. उचला आधी!"

"इथं कुठलं आलंय कुंकू?"

"उचला म्हणते ना! तुमच्याच आयुष्याचं आहे ते."

त्यांनी वाकून पुडी उचलली. त्याच क्षणी समोरचे दार उघडले आणि तीनचार बायका बाहेर धावल्या. एक रडत होती, बाकीच्या हसत होत्या, आणि सगळ्यांनी मिळून यांची बाही धरली. भोयांनी माझी खुर्ची खाली ठेवली आणि ते चार पावले मागे सरले. पुडी उघडली तर आत कुंकू नव्हते. केसांची एक बट होती, कापलेली नखे होती आणि काहीतरी लिहिलेला कागद होता.

अर्थ दुपारी पेढीच्या दुभाष्याने सांगितला. म्हातारा, सभ्य माणूस. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. त्या घरातली मुलगी सतराव्या वर्षी तापाने गेली, लग्न झाले नव्हते. मेलेल्या माणसाच्या नावाची लाकडी पाटी तिकडे देव्हाऱ्यात ठेवतात आणि सणावारी तिच्यापुढे भात ठेवतात. पण लग्नाविना गेलेल्या मुलीच्या पाटीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते. तिची जागा सासरी. आणि सासर तर नाही. ती आईच्या स्वप्नात यायची, दारात उभी राहायची आणि विचारायची, मी जेवायला कुठे बसू? मग तिकडच्या रीतीप्रमाणे आईने तिचे केस लाल कागदात बांधून वाटेवर ठेवले. जो पुरुष उचलेल त्याला मुलीनेच निवडले, असे समजायचे.

"ते काही मागत नाहीत," दुभाष्या म्हणाला. "पाटी घरात ठेवा. सणाला वाटीभर भात. बस्स."

स्वारीने माझ्याकडे पाहिले. त्यांना हसू आवरत नव्हते. "ही तर उलट बोलणारही नाही. ठेवूया का?"

मी काय केले म्हणता? भांडे आपटले. "मेलेल्या पोरीला माझ्या घरात? जीव देईन, पण सवत आणणार नाही!" पुडी परत पाठवली. ती तशीच परत आली. उचललेले खाली ठेवता येत नाही, असा निरोप होता. मी ती ट्रंकेच्या तळाशी कोंबली आणि वर पापडांचा डबा ठेवला.

त्यानंतर घरात आम्ही दोघेच उरलो नाही.

पहिल्यांदा फणीत एक केस सापडला. लांब, सरळ, काळाभोर. माझे केस कुरळे. मग दुपारी वेताची खुर्ची आपोआप करकरू लागली. मी स्वयंपाकघरात असले की बाहेर लाकडी जोडे वाजत, दाराशी येत आणि थांबत. आत मात्र कधी येत नसत. तेच वाईट होते. आत आली असती तर मी भांडले असते. दारात थांबणाऱ्याशी भांडणार कसे?

आणि माझा शहाणपणा काय सांगू! मी तिच्याशी चढाओढ सुरू केली. रोज वेणी घालायची, नवी साडी काढायची, काजळ रेखायचे. सकाळी उठल्या उठल्या यांना विचारायचे, "काल स्वप्नात कोण आलं होतं?"

"शेटजी."

"खोटं बोलता! ती आली होती."

"बरं, ती आली होती. तुझ्यापेक्षा भात चांगला करते म्हणाली."

मी दोन दिवस जेवले नाही. मेलेल्या मुलीवर रुसून उपाशी राहिलेली दुसरी बाई तुम्हाला माहीत असेल तर मला दाखवा.

पण खरी पंचाईत धक्क्यावर होती. पलीकडच्या तीरावर होडी लागली की मुलीची आई तिथे उभी असे. तिची पावले लहानपणी बांधून मुठीएवढी केलेली. भिंतीला धरून चालत ती एवढ्या लांब येई. काही मागत नसे. यांच्याकडे जावयाकडे बघावे तसे बघे, अंगरख्याचे बटण तुटले आहे का, चेहरा उतरला आहे का. मग माझ्याकडे बघे. एकदा तिने पदराआडून, म्हणजे तिकडे पदर नसतो, बाहीच्या आडून, कापडी जोड्यांचा एक जोड काढला. निळ्या रेशमावर बारीक फुले भरलेली. दुभाष्या बरोबर होता. तो म्हणाला, "मुलीने जिवंतपणी शिवलेत. लग्न झाल्यावर सासूला द्यायला. तुमच्या सासूबाईंना द्या म्हणते."

मी हात मागे घेतले. जोडे तिने माझ्या पुढ्यात दगडावर ठेवले. मी परतीच्या होडीत बसले. होडी निघाली तरी ते जोडे तिथेच होते, आणि ती बाई वाकली नाही, तिने ते उचलले नाहीत. उचलले असते तर ते परत घेतल्यासारखे झाले असते.

अडीच वर्षांनी आमची परतायची वेळ आली. त्या हिवाळ्यात मुलीची आई गेली. निघायच्या दिवशी दुभाष्या एका फडक्यात मुलीची पाटी गुंडाळून धक्क्यावर आला. घर आता पुतण्याकडे गेले होते आणि तो ही पाटी ठेवणार नव्हता. "तुम्ही नेली नाहीत तर हिला कुठेच जागा नाही," तो म्हणाला. तेवढेच.

यांनी या वेळी थट्टा केली नाही. "घर तुझं आहे. तू सांग."

माझ्या डोळ्यांपुढे कोपरीचा उंबरा आला. सासूबाई आल्या. मी म्हटले, "नाही." आणि जहाजावर चढले. दुभाष्याने फडके परत नीट बांधले. त्याला घाई नव्हती. तो ते कुठे घेऊन जाणार होता, मी विचारले नाही.

कोपरीला आल्यावर तीन दिवस बाहेरच्या खोलीत राहिलो. पंचगव्य प्यायलो, स्वारीच्या मिशा गेल्या. त्यांनी समुद्राहून जास्त शोक मिशांचा केला. चौथ्या दिवशी सासूबाई गोमूत्र शिंपडत माझी ट्रंक उपसायला बसल्या. पापडांचा डबा निघाला आणि त्याखालून लाल पुडी.

मी ती विसरले होते. खरेच विसरले होते की काय, ते आजही सांगता येत नाही.

"हे कुणाचे केस गं?"

मी खाली बसले आणि सगळे सांगितले. पहारा ठेवायला गेलेली मी, माझ्याच तोंडाने उचला म्हटले, इथपासून धक्क्यापर्यंत. मी उंबऱ्याबाहेर जायची तयारी करून बसले होते.

"वय काय होतं म्हणालीस?"

"सतरा."

"आणि ते जोडे कुणासाठी होते?"

"तुमच्यासाठी."

"मग आणले का नाहीस मेले?"

मी म्हटले, "तुमच्या पायात बसले नसते."

"नसते बसले. देवळीत ठेवले असते." त्यांनी पुडी पुन्हा बांधली, घडीवर घडी बरोबर जुळवून. "आपण पूर्वजांचे टाक पुजतो ते काय वेगळं आहे? पाटी नाही आणलीस, टाक करू. सोनाराला सांगते."

चांदीचा, नखाएवढा. दुसरेपणाच्या बायका गळ्यात सवतीचा घालतात तसा. मी म्हटले, "पण लग्न तर माझं आधी झालं!"

"ती आधी गेली. गेलेली थोरली. तू धाकटी."

अशी मी स्वतःच्या नवऱ्याची धाकटी झाले. त्या भाद्रपदात अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्यांच्या दिवशी, सासूबाईंनी कोळीवाड्याच्या वाटेवरची एक सवाष्ण बोलावली, थोरलीच्या नावाने पान वाढले आणि मला म्हणाल्या, "वाढ. बस म्हण तिला." मी म्हटले, "बसा." दाराकडे बघून म्हटले. त्या दिवसापासून जोडे वाजले नाहीत.

सासूबाईंना जाऊन आता खूप वर्षे झाली. पान मी वाढते. थोरली अजून सतरा वर्षांची आणि मी नातवंडांची आजी, तरी मी तिला अहोजाहो करते. स्वारी अजूनही म्हणते, "दोघींत थोरलीच शहाणी."

ती मला कधी दिसत नाही. ती बसली आहे. दिसते ती तिची आई. भरतीच्या वेळी मिठाची होडी कोपरीच्या बंदराला लागली आणि मी तिथे असले, की दगडावर कुणीतरी भिंतीला धरून उभे असते, बाहीआड काहीतरी धरून. सूनबाई परवा म्हणाल्या, "सासूबाई, तुम्ही खाडीवर असे दोन्ही हात पुढे करून का उभ्या राहता? लोक बघतात."

बघू देत. मागच्या वेळी मी हात मागे घेतले होते.