निसारभाईंची तार

निसारभाई सय्यद यांची आणि माझी पहिली भेट शहागंजच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली. मी पाचोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, मेंढपाळ आहेत. वर्षातले सात-आठ महिने ते कळप घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं फिरतात. नदीच्या खोलगट पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते आणि असली तर बॅटरी नसते. आई दिवसदिवस फोन हातात धरून बसायची. तिची ती घालमेल बघवेना, म्हणून मी निसारभाईंचं नाव ऐकून शहरात गेले होते.

इंटरनेटवर एका भल्यामोठ्या अँटेनाचा फोटो मला सापडला होता. तो त्यांच्यापुढं धरून मी ऐटीत म्हणाले, "हा बसवून द्या."

त्यांनी चष्मा पुसला, फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "बोलणार कोणाशी, मॅडम?"

"वडिलांशी."

"ते कुठं असतात?"

"आज इथं, उद्या तिथं."

"मग हा काय कामाचा? हा एकाच दिशेला तोंड करून बोलतो. वडील दुसरीकडं गेले, तर तुम्ही रोज छतावर चढून त्याचं तोंड फिरवणार का? आपल्याला चारी बाजूंना सारखी बोलणारी चीज पायजे. साधी उभी तार."

त्या दिवशी त्यांनी मला काहीही विकलं नाही. पुढच्या रविवारी ते स्वतः एसटीनं पाचोडला आले, शाळेचं छत पाहून गेले आणि तिथून थेट आबांच्या तळावर पोचले. निसारभाई स्वतः हौशी रेडिओचे परवानाधारक. पण आबांना त्या परवान्याच्या परीक्षेला बसवणं शक्य नव्हतं. म्हणून ज्याला परीक्षा लागत नाही असा कमी ताकदीचा सीबी रेडिओ त्यांनी आमच्यासाठी निवडला. एक सेट शाळेत, दुसरा तळावर. दोघांना मिळून दोन तारा.

त्या तारा जुळवताना निसारभाईंना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी वेगळं सांगायला नको. तार ते आधी मुद्दाम लांब ठेवतात. मग मीटर लावतात. सेटमधून निघालेली शक्ती हवेत न जाता किती परत येते, हे त्या मीटरची सुई दाखवते. सुई बघायची, बोटभर तार कापायची, पुन्हा बघायची. दर वेळी सगळ्यांना दहा पावलं मागं पाठवायचं, कारण जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगानंसुद्धा माप बदलतं. आबांच्या तळावर तर त्यांनी मेंढ्यासुद्धा मागं हाकायला लावल्या. आबा वैतागले.

"एवढ्या वेळात म्या धा मेंढ्या कातरल्या असत्या," ते म्हणाले.

"मेंढीचे केस परत येतात, आबा. कापलेली तार नाय येत," निसारभाई सुईवरची नजर न काढता म्हणाले.

संध्याकाळी आई शाळेच्या खोलीत बसली आणि सेटमधून आबांचा आवाज आला. आई नुसती ऐकत राहिली. निसारभाई खोलीबाहेर जाऊन उभे राहिले होते.

त्यांच्याकडे शिकायला येणारे आम्ही सगळे असेच कुठून कुठून आलेलो. वैजापूरच्या कांदा व्यापाऱ्याच्या घरातली दोन भावंडं, कॉलेजातली पोरं-पोरी, शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीनं जाणारा एक फिटर. या फिटरच्या घरमालकानं छतावर खिळासुद्धा मारायला मनाई केली होती. तो बिचारा सेट विकायला निघाला होता. निसारभाई त्याच्या खोलीवर गेले आणि गॅलरीतली कपडे वाळत घालायची तारच त्यांनी मापात कापून अँटेना म्हणून जुळवली. एकदा कोरडी असताना मोजली आणि मग शेजारणीकडून चार ओले सदरे मागून आणून, ते तारेवर टाकून पुन्हा मोजली. "बाबा, धुण्याच्या दिवशी तू गप्प बसणार नाय ना?" असं त्यांनी त्या फिटरला विचारलं होतं. त्या तारेवरून तो आजही बोलतो. घरमालक तिच्यावर स्वतःचे टॉवेल वाळत घालतो.

आम्हा शिष्यांना ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. चांगल्या अँटेनाची सुई मधल्या चॅनलवर सर्वांत खाली असते आणि कडेच्या चॅनलांवर थोडी वर चढते. पहिल्यापासून शेवटच्या चॅनलपर्यंत ती एकाच जागी गप्प पडून राहिली, तर खूश होऊ नका, घाबरा.

या गौरवग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही मंडळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "लिहा. पण त्या दिवसाचंबी लिहा. ते नसेल लिहायचं तर ग्रंथ नको." म्हणून लिहिते आहे. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण त्यांचा शब्द मोडवत नाही.

चार पावसाळ्यांमागची गोष्ट. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर निसारभाई नेहमीप्रमाणे शाळेचा अँटेना तपासायला आले होते. गुडघे फार दुखत होते. वर शिडी लावून न चढता ते खाली खोलीतच बसले, सेटला मीटर लावलं, मधल्या एका चॅनलवर सुई पाहिली आणि म्हणाले, "एकदम छान आहे." मी चहा आणला. तो पिऊन ते परत गेले.

पाऊस सरत आला तेव्हा धरण भरलं. शेतात पिकं उभी असल्यानं आबांचा कळप नदीकाठच्या पडीक रानात होता. सोबत माझा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन लहान मुलं. एका सकाळी बातमी आली की दुपारपासून नदीत मोठं पाणी सोडणार, काठ रिकामा करा. भावाचा फोन बंद होता. मी धावत शाळेत गेले, सेट लावला आणि हाका मारायला लागले. उत्तर नाही. शाळेतलं मीटर लावून पाहिलं, सुई तळाशी. म्हणजे आपलं सगळं ठीक, असं मी धरून चालले. आबा सेट बंद ठेवून मेंढ्यांमागं गेले असतील, असंच वाटलं. एक तास मी आबांवर चिडत हाका मारत होते. तिकडे जाणारा रस्ता ओढ्याच्या पाण्यानं आधीच बंद झाला होता.

शेवटी मी निसारभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "सुई सगळ्या चॅनलवर बघ. कुठं हलते?"

मी एकेक चॅनल फिरवला. "कुठंच नाही, निसारभाई. सगळीकडं खालीच आहे."

मग ते म्हणाले, "बेटा, तारेपासून सेटपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये पाणी शिरलंय. तुझी सगळी ताकद केबलच खातेय. वर काही जातच नाय, मग परत काय येणार? ती खाली येणारी केबल सोडून दे. सेट आणि बॅटरी छतावर ने. शाळेत ठेवलेल्या माझ्या डब्यात हातभर केबल आहे, तिनं सेट थेट तारेला जोड."

शाळेच्या शिपायांनी शिडी धरली. वरचा जोड मी सोडला तेव्हा त्यातून काळं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. केबलमधली तांब्याची जाळी कोळशासारखी झाली होती. भर पावसात, छत्रीखाली सेट धरून मी पहिली हाक मारली आणि लगेच आबांचा आवाज आला.

"व्हय, येतंय ऐकू. सकाळधरनं वरडतोय म्या, तुमीच बोलंनात!"

मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माणसं आणि बराचसा कळप टेकाडावर चढला. पण पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर चरायला गेलेल्या बावीस मेंढ्या परत आणायला वेळ उरला नव्हता. तो एक तास मिळाला असता तर त्याही आल्या असत्या. हे आबांना ठाऊक होतं आणि निसारभाईंनाही.

रस्ता सुरू झाल्याबरोबर निसारभाई आमच्या घरी आले. आबांसमोर जमिनीवर बसले. "चूक माझी आहे. मी वर चढलो नाय. पोरांना जे शिकवलं ते मीच केलं नाय," ते म्हणाले. आबा बोलले नाहीत. आईनं दोघांपुढं चहा ठेवला, तो तसाच निवला. मला तेव्हा आबांचा राग आला होता. आज वाटतं, बावीस मेंढ्या डोळ्यांसमोर वाहत गेलेल्या माणसानं आणखी काय करायला हवं होतं?

त्यानंतर निसारभाईंनी सेट बंद केला. रोज सकाळी हवेवर आम्हा सर्वांची हजेरी घेणारा त्यांचा आवाज थांबला. दुकानात ते मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत बसायचे. रेडिओचा विषय निघाला की म्हणायचे, "आता दुसऱ्या कोणाला विचारा." आम्ही विनवण्या केल्या, रुसलो, भांडलो. काही उपयोग झाला नाही. हौशी रेडिओवाले आम्ही जिल्हाभर विखुरलेले. आमचा माणूस आमच्यातून उठून गेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या वर्षी कळप घेऊन निघण्याआधी आबा एकटेच शहरात गेले. मला न सांगता गेले, मागाहून सगळं निसारभाईंकडूनच कळलं. घोंगडीत गुंडाळलेला सेट त्यांनी दुकानाच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "जुनी तार पुरात ग्येली. ह्याला नवी बांदून द्या."

निसारभाई म्हणाले, "आबा, शहरात चांगली पोरं तयार झालीत. मी नाव देतो."

"दुसऱ्याची नको."

"का पण? माझ्यामुळं तुमचं एवढं…"

"म्हनून तर," आबा म्हणाले. "पानी कुटनं शिरतं, ते तुमाला ठावं झालंय. दुसऱ्याला अजून व्हायचंय."

निसारभाईंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि पक्कड-मीटर पिशवीत घालून आबांसोबतच एसटीत बसले. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी पुन्हा आमची हजेरी घेतली. मी वर्गावर जायला निघाले होते. तिथंच पायरीवर बसून रडले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून दर पावसाळ्याआधी ते आम्हा प्रत्येकाच्या छताखाली येतात. वर चढू आम्ही देत नाही. मग ते वरच्या जोडाचं टोक कापून खाली मागवतात, स्वतःच्या हातानं सोलतात आणि उन्हात धरून तांब्याचा रंग पाहतात. रंग जरा जरी उतरला असेल तरी नवी केबल. आपली चूक त्यांनी कधी झाकली नाही. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ते ती सांगतात, आबांचं नाव घेऊन, मेंढ्यांच्या आकड्यासकट. मोठेपणा मी अनेकांचा ऐकला आहे, हा डोळ्यांनी पाहिला.

निसारभाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, कान असेच तल्लख राहोत आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. हा लेख पुरा करण्याआधी मी रेडिओवरून आबांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? कळप पाणी पाजायला आणला होता, मागं मेंढ्यांचा ओरडा चालला होता. आबा म्हणाले, "त्यास्नी म्हनावं, माझ्याआदी जायचं नाय."