पगारे ड्रायव्हरांची शेवटची गाडी आणि माझा कॅमेरा

नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या गळ्यात कॅमेरा होता, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग होती, काखेत ट्रायपॉड होता आणि जेवणाचा डबा घरी ओट्यावर राहिला होता. तसं मी फोन करून बायकोला कळवलं. ती म्हणाली, "कॅमेरा नाही ना विसरलात, मग झालं."

हा कॅमेरा मी दोन हजार सात साली घेतला. डिजिटल एसएलआर. दुकानदाराने त्याचं वर्णन 'मधल्या रेंजचा' असं केलं होतं. मीही विमा कचेरीत मधल्या रेंजचाच, त्यामुळे आमचं जमलं. छोटे कॅमेरेवाले त्याच्याकडे आदराने बघत आणि महागडे कॅमेरेवाले सहानुभूतीने. वर्षभरात मी गोदाकाठच्या पहाटा काढल्या, गंगापूर धरणावरचे पक्षी काढले (फोटोत ते ठिपक्याएवढे दिसतात, पण आहेत), आणि शेजाऱ्यांच्या जास्वंदीवरचे दवबिंदू काढले. दवबिंदू मीच फवाऱ्याने मारले होते. आमच्या फोटोग्राफीच्या क्लबात ते कुणी विचारलं नाही.

मनमाडला निघालो होतो ते हडबीच्या शेंडीसाठी. मनमाडजवळ अंगठ्यासारखा उभा राहिलेला हा सुळका आहे. सुळका वर आणि रेल्वे खाली, असा फोटो मला हवा होता. माझ्या डोक्यात तो पूर्ण तयार होता, फक्त काढायचा राहिला होता.

गाडीत समोर नांदगावकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी लासलगावपर्यंत माझ्या लेन्सकडे टक लावून पाहिलं आणि मग विचारलं, "लगीन कोठे शे?" (शे म्हणजे आहे. मनमाडकडे सरकू लागलं की ही बोली कानावर येऊ लागते.) लग्न नाही, डोंगराचा फोटो काढायला चाललोय, असं मी सांगितलं. आजींनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

मनमाडला उतरलो. पाववडा खाल्ला, त्यावर चहा घेतला आणि पादचारी पुलावर गेलो. मे महिना. उजेड असा धुरकट, की सुळका भिंतीवरच्या ओलीच्या डागासारखा दिसत होता. तरी मी लेन्स लावली. लावताना तिचं झाकण हातातून सुटलं आणि दोन रुळांच्या बरोबर मधे जाऊन पडलं. ते वरून स्पष्ट दिसत होतं. सकाळपासून एवढं स्पष्ट मला दुसरं काही दिसलं नव्हतं.

खाली फलाटावर मात्र काहीतरी चाललं होतं. ढोल-ताशेवाले उभे होते, बायका नव्या साड्यांत होत्या, आणि चार माणसं मिळून झेंडूचा एक प्रचंड हार सांभाळत होती. मी खाली उतरलो तसा एक पस्तिशीचा गृहस्थ माझ्याकडे जवळजवळ धावतच आला. हा विलास, शाळेत शिक्षक. त्याचे सासरे रामभाऊ पगारे रेल्वेत ड्रायव्हर. भुसावळकडून पॅसेंजर घेऊन ते येत होते आणि ही त्यांच्या नोकरीतली शेवटची गाडी होती.

रेल्वेच्या गावांत अशी रीत आहे. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याच्या शेवटच्या गाडीच्या इंजिनाला हार घालतात. घरचे लोक फलाटावर येतात, पेढे वाटतात, आणि त्याला वाजतगाजत घरी नेतात. यात मुख्य मान बायकोचा. ती इंजिनापाशी जाऊन त्याला ओवाळते. पण रामभाऊंच्या पत्नी सुमनबाई पंधरवड्यापूर्वी मोरीत घसरल्या होत्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडून होत्या. त्यांनी साऱ्या जन्मात नवऱ्याला इंजिनात बसलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. आज पाहायचं ठरलं होतं. निदान घरी टीव्हीवर तरी बघता यावं म्हणून विलासने गावातला शूटिंगवाला ठरवला होता. त्याला ऐन वेळी लग्नाची सुपारी आली आणि त्याने फोन बंद करून ठेवला.

हे सगळं मी आता नीट ओळीने सांगतोय. विलासने तेव्हा एवढंच सांगितलं, की फोटोवाला आलेला नाही आणि सासूबाईंना घरबसल्या सगळं दिसायला हवं. मी म्हटलं, मी हौशी आहे. तो म्हणाला, "हौशी असलेलाच बरा सर, धंदेवाला पळून जातो." मग त्याने लेन्सकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. एक पोलीस माझ्याकडे येत होता, त्याला विलासनेच परस्पर सांगितलं, की हे आमचे पाहुणे आहेत, जय भीम. पोलिसाने पेढा घेतला.

गाडी वेळेवर आली. ढोल सुरू झाले. इंजिन थांबताच पोरांनी हार चढवला आणि दारात रामभाऊ दिसले. सडपातळ, पांढऱ्या मिशा, हातात पाण्याचा थर्मास. लोक त्यांना खाली ओढत होते आणि ते इंजिनाची दांडी सोडत नव्हते. मी धडाधड फोटो काढत होतो आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. दवबिंदूंपेक्षा हे फारच बरं होतं.

तेवढ्यात विलासने हात वर करून ढोल थांबवले आणि सासऱ्यांना ओरडून सांगितलं, "मामा, इकडे कॅमेऱ्यात बघा. आत्याबाईंशी बोला. त्या घरी बघणार आहेत."

रामभाऊंनी माझ्या लेन्सकडे पाहिलं. आणि बोलायला लागले.

माझ्या कॅमेऱ्यात शूटिंग होत नव्हतं. त्या काळात त्या जातीच्या कॅमेऱ्यांत ते नसायचंच. तो फक्त फोटो काढायचा, एकेक, खटॅक असा आवाज करून. हात वर करून 'थांबा' म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. पण समोरचा माणूस बोलण्यातला नव्हता, हे त्याच्या गळ्याची घाटी सांगत होती. एकदा थांबला असता तर परत सुरू झाला नसता. मी बोट बटणावर दाबून ठेवलं आणि आयुष्यात कधी दिले नव्हते तसे कान दिले.

"सुमन, पोचलो बरं का," ते म्हणाले. "टायमावर आणली गाडी. तू यायची होती, त्या पायानं घोळ केला. थोरलीच्या बारशाला मी नव्हतो. धाकटीच्या वक्ताला तर दोन दिवसांनी कळलं मला. दिवाळीचा फराळ मी कायम डब्यातलाच खाल्ला. तू कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

आणि नेमकी तेव्हाच भोंग्यातून कुठल्यातरी गाडीची घोषणा सुरू झाली. ती तीन भाषांत झाली. रामभाऊ बोलतच होते. त्यांचे ओठ हलत होते, मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि घोषणा संपली तेव्हा त्यांचंही संपलं होतं. ढोल पुन्हा सुरू झाले.

मिरवणुकीत मी मागून चाललो. वाटेत दोनदा वाटलं, ट्रायपॉड घेऊन सरळ स्टेशन गाठावं. पण विलासने माझी बॅग आधीच स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

घर म्हणजे रेल्वे वसाहतीतल्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोन्ही तसबिरींना ताजे हार. सुमनबाई कॉटवर बसल्या होत्या, पाय उशीवर, अंगावर स्टेशनवर नेसायची म्हणून घेतलेली साडी. घरात आणि दारात मिळून वसाहत जमली होती आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती. विलासने टीव्हीच्या मागे हात घालून मला विचारलं, "सर, वायर कुठली लावायची?"

मी सांगितलं. म्हणजे, यात शूटिंग नाही हे सांगितलं. नुसते फोटो आहेत. आवाज नाही आणि हलतही नाही.

"एवढा मोठा असून?" शेजारचे एक काका म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, शूटिंग तर हल्ली मोबाइलमध्येसुद्धा होतं. विलासच्या मोबाइलमध्येही होत होतं. तो मोबाइल सगळा वेळ त्याच्या खिशात होता, कारण मोठा कॅमेरा आला होता. विलासने वायर गुंडाळून परत ठेवली, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

मग सगळ्यांनी रामभाऊंना गळ घातली, की आता इथेच परत बोला, आत्याबाई समोरच आहेत. रामभाऊ गणवेशाचा शर्ट काढून बनियनवर आले होते. "ते तिथं झालं," ते म्हणाले आणि कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसले. पुष्कळ आग्रह झाला. त्यांनी थर्मास धुवायला घेतला.

शेवटी सुमनबाईंनीच सगळ्यांना जेवायला बसवायला सांगितलं. बाहेर मांडवात काळ्या मसाल्याचं मटण होतं, त्यामुळे घर लवकर रिकामं झालं. मला मात्र त्यांनी कॉटशेजारी बसवून घेतलं.

"भाऊ, तुम्ही होतात ना तिथं," त्या म्हणाल्या. "फोटू दाखवा. आणि काय म्हणाले ते सांगा."

कॅमेऱ्याच्या मागचा पडदा काडेपेटीहून जरा मोठा. त्यावर एकेक फोटो आणून मी त्यांच्यापुढे धरला. पहिल्यांदा हार घातलेलं इंजिन आणि दारात रामभाऊ. ते त्या खूप वेळ बघत राहिल्या, पुढे जाऊ देईनात. मग बोलण्याचे फोटो सुरू झाले. इंजिन तेच, माणूस तोच, फक्त तोंड कमी-जास्त उघडलेलं. त्या एकेका फोटोवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "इथं काय?" आणि मी, विम्याचा कारकून, एका परक्या बाईला तिच्या नवऱ्याच्या आवाजात सांगायचो, की सुमन, पोचलो बरं का.

"नाव घेतलं? सगळ्यांसमोर?"

"घेतलं, ताई."

"घरात नुसतं 'अगं' चालतं," त्या म्हणाल्या. "पुढं सांगा."

मी सांगत गेलो. बारशाचं सांगितलं, धाकटीचं सांगितलं, फराळाचं सांगितलं. बोलली असती तर बरं झालं असतं, हे सांगताना माझा आवाज चिरकला, तो मी खोकल्यात घातला. कोपऱ्यात थर्मास अजून धुतला जात होता. एवढा स्वच्छ थर्मास मध्य रेल्वेत दुसरा नसेल.

मग तो फोटो आला. फोटोग्राफीच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. फोकस झेंडूवर गेलेला, रामभाऊ मागे पुसट, तोंड अर्धं उघडं, हात गालापर्यंत आलेला.

"इथं काय म्हणाले?"

"ऐकू आलं नाही, ताई," मी म्हटलं. "अनाउन्समेंट चालू झाली." एखादं वाक्य रचून सांगावं, असं क्षणभर मनात आलं होतं, नाही असं नाही. पण जमलं नसतं.

सुमनबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. फोटोवर ठेवलेलं बोट तसंच ठेवून त्या थांबल्या. बाहेर पंगतीत कुणीतरी रस्सा मागत होतं.

"म्हटलं," रामभाऊ थर्मासकडे बघत म्हणाले, "आता रात्री-अपरात्री कॉलमन येऊन कडी वाजवणार नाही. निवांत झोप म्हटलं." (कॉलमन म्हणजे ड्युटीचा निरोप घेऊन ड्रायव्हरच्या घरी येणारा रेल्वेचा माणूस. कडी वाजली की आधी बायको उठते, मग स्टोव्ह पेटतो, मग ड्रायव्हर उठतो.)

"जाग येणारच," सुमनबाई म्हणाल्या. "सवय झाली."

रामभाऊंनी जरा विचार केला. "मग मी चहा करीन," ते म्हणाले.

सुमनबाईंनी पदराने पडदा पुसला आणि हाच फोटो मोठा करून पाठवा, असं मला सांगितलं. मी त्यांना फोकसची चूक समजावून सांगायला लागलो, की इथे झेंडू स्पष्ट आलाय आणि माणूस नाही. त्या म्हणाल्या, झेंडू पण बघायचाच होता मला. मग मला जेवायला धाडलं. मटण तिखट होतं, तेवढ्यावर डोळ्यांचं निभावलं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. निफाडच्या अलीकडे तिरपं ऊन द्राक्षबागांवर उतरलं. छाटणीनंतर फुटलेली नवी पालवी, तारांच्या लांबच लांब ओळी, आणि त्यांच्या मधून घरी निघालेल्या बायका, डोक्यावर रिकामी घमेली. असा उजेड वर्षात एखाद्या वेळी मिळतो. मी कॅमेरा काढला, डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. कार्ड भरलं होतं.

एक फोटो पुसला असता तर जागा झाली असती. मी मागे जाऊन बघू लागलो. तोंड उघडलेल्या माणसाचे फोटो एकामागून एक, कुणालाही सारखेच वाटतील असे. त्यातले दोन तर तंतोतंत एकच होते, मिशीचा केससुद्धा हललेला नव्हता. मी पुसायच्या बटणावर अंगठा ठेवला. पण एकात रामभाऊ 'बारशाला' म्हणत होते आणि दुसऱ्यात 'मी नव्हतो'.

कॅमेरा बंद करून मी बॅगेत ठेवला. तोवर निफाड मागे पडलं होतं.