मुनीमजींनी कमी केलेला नफा

कोणी वह्या पुढे केल्या की मुनीमजी त्या हाताने बाजूला सारत. म्हणत, "पहले धंदा दिखाओ." मग दुसऱ्या दिवशी आपल्या लुनावर स्वतःच येत आणि अख्खा दिवस काही न बोलता बसून राहत. गोंदियाच्या आसपास ज्यांनी छोट्या मिली, पोह्याचे कारखाने काढले, त्यांच्यापैकी पुष्कळांना हा मुका पाहुणा आठवत असेल.

शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. हिशेब ते तेंदूपत्त्याच्या एका व्यापाऱ्याकडे शिकले. पुढे हिशेबाच्या कामाचं स्वतःचं दुकान मांडलं, पण मुनीमजी हे नाव राहिलं ते राहिलंच. लहान धंद्याला पैसे लावणारा भागीदार हवा असला की लोक त्यांच्याकडे जात. ते कागद तयार करत आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवत. मेहनताना मात्र एकाच बाजूचा घेत. "दोघांचं खाल्लं, की खरं बोलताना जीभ जड होते," असं त्यांचं म्हणणं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. मुनीमजी मला नावाने कधी हाक मारत नसत. "या, बी.कॉम., बसा," म्हणत. हे कौतुक नव्हतं, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. दवनीवाड्याच्या बाजूला आमची लहान राईस मिल होती. तांदळात काळा दाणा यायचा आणि व्यापारी माल परत पाठवायचे. दाणा निवडणारी मशीन घेतली नसती तर मिल बंद करावी लागली असती. बँकेने जमिनीवर द्यायचं तेवढं आधीच दिलं होतं. मुनीमजी म्हणाले, "बँक तुझी जमीन बघते. पैसे लावणारा पुढची चार-पाच वर्षं बघतो. त्याला वेगळा कागद लागतो." रायपूरचे एक तांदळाचे शेठ तिसऱ्या हिश्शावर मशीन आणि नव्या गोदामासाठी पैसे लावायला तयार होते. मी तीन वर्षांचे ताळेबंद तयार केले. नफा चांगला दिसत होता.

मुनीमजी आले आणि दिवसभर बारदान्याच्या गठ्ठ्यावर बसले. दुपार कलल्यावर मागच्या दाराकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ते धान कोणाचे?"

"घरचेच. आमच्या वावरातले."

"बिल?"

मला हसू आलं. "आता बापाकडून बिल घेऊ काय, मुनीमजी?"

ते हसले नाहीत. आमच्याकडे ज्या शेतकऱ्याच्या घरी मिल असते, तिथे हे असंच चालतं. घरचे धान मागच्या दाराने येतात, भरडले जातात, विकले जातात. ते कोणी लिहीत नाही. मुनीमजींनी तिन्ही वर्षांचे ते धान बाजारभावाने मिलच्या खर्चात लिहून काढले. नफा निम्मा झाला.

मी उठून उभा राहिलो. "हा कागद पाहून शेठ आल्या पावली परत जाईल! मशीन आली नाही तर मिल बंद पडते, माहीत आहे ना तुम्हाला?"

"पडली तर पडली. बी.कॉम., हा नफा मिलचा नाही, तुझ्या बापाचा आहे. तो काय शेठला विकतोस?"

बाबा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मी काई मांगलो काय? पोराची मिल हाये, म्हून धान टाकतो. कायले लिहून राहिले, मुनीमजी?"

"भाऊ, उद्यापासून मिल पोराच्या एकट्याची राहणार नाही. तिसरा हिस्सा शेठचा. त्याच्यासाठी फुकट राबशील?"

बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाई. त्याच्यासाठी कायले राबू?"

शेठ आले. त्यांनी कागद दोनदा वाचला. "मुनीमजी, मुनाफा तो आधा है."

"जी. जितना है, उतना ही लिखा है. इसमें किसी का एहसान मिला हुआ नहीं है."

शेठनी गोदामासाठी काही दिलं नाही. मशीनपुरते पैसे मात्र लावले. त्या हंगामात मिलने बाबांच्या नावाने पहिलं बिल केलं. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

सहा-सात वर्षांनी मला उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी बॉयलर घ्यायचा होता. त्यासाठी नागपूरचा दुसरा गुंतवणूकदार मिळाला होता. तोवर मुनीमजींना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. तरी मी फाईल आणि मिलची रोजची वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. खाटेजवळ बसून मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. बाबांच्या धानाची किंमत, भावाच्या गोदामाचं भाडं, माझा स्वतःचा पगार, सगळं लिहिलेलं होतं.

त्यांनी डाव्या हाताने रोजची वही ओढली. एका ओळीवर बोट ठेवलं. पान उलटलं, पुन्हा बोट ठेवलं.

"आकडा चुकला काय, मुनीमजी?"

त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. बोट आकड्यांवर नव्हतं, अक्षरांवर होतं. अक्षर माझ्या बायकोचं, सुनंदाचं. घरचा स्वयंपाक उरकून ती रोज मिलच्या काट्याशी बसायची, येणारं-जाणारं प्रत्येक पोतं मोजून लिहायची. सहा वर्षं. फाईलमध्ये तिचं नाव कुठेच नव्हतं.

मी मान खाली घातली. त्यांनी वही मिटली.

आठवड्याभरात मुनीमजी गेले. सुनंदाचा पगार धरून मी कागद पुन्हा तयार केले. नागपूरच्या माणसाने उरलेला नफा पाहिला आणि नकार कळवला. बॉयलर दोन वर्षं उशिरा आला. पगार मात्र त्याच महिन्यापासून सुरू झाला. पहिल्या पगाराची सही करताना सुनंदाने विचारलं, "हे कोनं सांगितलं तुमाले?"

"मुनीमजींनी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "ते त बोलूच शकत नवते ना."