संपतचा उजवा कान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला न सांगितलेलं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही — साखरेचा त्रास असून चौकात जिलेबी खातो, तेसुद्धा तिला ठाऊक आहे. पण हे नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं जरा सोपं जातंय. जरासंच.

मी भिंगारचा. शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. दिवाळीत पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात ना, त्यांवर मांडायची चित्रं मी बनवतो. मावळे सगळेच बनवतात. मी फौजी बनवतो — प्लास्टरचे, वीतभर उंच, पण बुटाच्या नाडीपर्यंत बरोबर. त्या नाडीचा मला भारी गर्व. लोक म्हणायचे, सरांचा फौजी म्हणजे आता बोलेल की काय! मी मान खाली घालून हसायचो आणि आतून फुगायचो.

हा बरोबरपणा यायचा कुठून? आमच्या भागात युद्धातल्या वस्तूंचं एक संग्रहालय आहे. नाव सांगत नाही, त्यांचा यात काडीचा दोष नाही. तिथे काचेमागे, वाळूच्या पोत्यांआड, तीन फौजी उभे केलेत. वर्दी खरी, पट्टा खरा, पाण्याची बाटली खरी. आतला माणूस मात्र कापडदुकानातला पुतळा. वरून सावळा रंग दिलाय, पण मनगटापाशी गुलाबी डोकावतंच. मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसायचो. कोपराला चुण्या कशा पडतात, गुडघ्यावर पँट कशी फुगते, सगळं उतरवून घ्यायचो. मधल्याचा चेहराही तसाच उचलला. चेहरा कोण बघतो? पट्ट्याचं बक्कल चुकलं तर भिंगारातला एखादा रिटायर सुभेदार स्टॉलवर येऊन माझा कान धरतो. चेहऱ्यासाठी तोवर कुणी आलं नव्हतं.

मग हौसाबाई आल्या.

माझ्या बायकोचं माहेर पारनेर तालुक्यातलं. हौसाबाई तिच्या शेजारच्या. त्यांचा एकुलता मुलगा संपत फौजेत होता. तिकडे डोंगरात लष्कराची गाडी दरीत गेली, त्यात गेला. लग्नही झालं नव्हतं. याला खूप वर्षं झाली. घरात त्याचा एकच फोटो, तो दारासमोरच्या भिंतीवर लावलेला. रोजच्या उन्हानं चेहरा खाऊन टाकला. मिशी आणि टोपी तेवढी कळायची.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "फोटूत आता निस्ती टोपी ऱ्हायलीय. हातात धरता यील आसा माजा संपत करून द्या."

आणि सांगायला लागल्या. उजवा कान जरा बाहेर आलेला — "ल्हानपनी कान दुमडून निजायचा, मी किती येळा सरळ करायची." हसला की खालचा ओठ एका बाजूला जायचा. मान कायम डावीकडे कललेली. बोलताना त्यांची बोटं हवेत तो कान सरळ करत होती. मी हं, हं करत होतो.

असं काम कसं करतात, हे मला माहीत नव्हतं का? शिकलो होतो की. माणसाला समोर बसवायचं, हातात मेणाचा गोळा घ्यायचा, आणि ते सांगतील तसं बोटानं दाबत जायचं — नाक थोडं बसकं? कपाळ रुंद? — ते "व्हय, ह्योच" म्हणेपर्यंत. दोन-तीन दुपारी गेल्या असत्या. दिवाळी तोंडावर होती, कामाचा ढीग होता, आणि — नाही. दिवाळीच्या आड लपत नाही. दुपारी मी झोपत होतो. साचा तयारच होता. त्यातून एक काढला, रंगवला, मिशी जरा जाड केली, पायाशी 'संपत' लिहिलं. झाला संपत.

तो घेऊन आम्ही दोघं गावाला गेलो. अर्धी आळी जमली होती. पाट मांडलेला, हार आणलेला. हौसाबाईंनी तो हातात घेतला, उंबऱ्यापाशी उजेडात नेला. खूप वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "ह्यो माजा संपत न्हाई वाटत."

एवढ्यावर मी खरं बोलू शकलो असतो. "मावशी, चुकलं, पुन्हा करतो," एवढंच. माझं काय जाणार होतं? चारचौघांत थोडी फजिती. ती मला सोसवली नाही. उलट मी मास्तरी आवाज काढला, आणि म्हणालो, "मावशी, वर्दीत माणूस बदलतो. तुम्ही त्याला वर्दीत पाहिलं तरी कितीदा?"

एकदाच पाहिलं होतं. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा. ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं.

त्या खाली बघायला लागल्या. जशी काही चूक त्यांचीच. "तुमी म्हनता तर आसंल," म्हणाल्या. गावच्या जावयाला खोटं कोण पाडणार? ज्या बाईनं तो कान शंभरदा सरळ केला होता, तिला मी तिच्याच पोराचा चेहरा ती विसरलीय असं सांगितलं. आणि वर चहा पिऊन आलो.

पुढच्या दिवाळीला त्या बाजारहाटासाठी नगरला आल्या, आणि वाट वाकडी करून भिंगारात माझ्या स्टॉलवर. मी त्यांना लांबून पाहिलं. समोर फळीवर तोच फौजी ओळीनं उभा. लपवणार काय आणि किती? वाटलं, संपलं आता. खरं सांगू? थोडं बरंही वाटलं.

त्यांनी एक उचलला. दुसरा उचलला. तोंडावर पदर धरला.

"समदे संपतच हायेत की वो! माज्या लेकाला घरोघरी धाडलंत, जावयबापू." आणि माझ्यापुढे हात जोडले. त्यांच्या वयाच्या बाईनं, मला.

शेजारी बायको डोळे पुसत होती. आपला नवरा केवढ्या मोठ्या मनाचा, असं तिला वाटत होतं — अजून वाटतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कुणी काही विचारलं नव्हतं. पण मी बोललो. म्हणालो, "हो मावशी. चेहराच तसा होता त्याचा."

तेव्हापासून दर दिवाळीला गावातली पोरं किल्ल्याच्या बुरुजावर 'संपतमामा' मांडतात. हौसाबाई अंगणाअंगणात जाऊन बघतात, कुठे आडवा पडला असेल तर उभा करतात. गेल्या दिवाळीत आम्ही भाऊबीजेला गेलो तेव्हा त्यांनी मला आपल्या ओट्यावर बसवलं. खुशीत होत्या. म्हणाल्या, "डोळं मिटलं की आता ह्योच दिसतो. आदी कसा दिसायचा ते याद करू म्हनलं, तर येतच न्हाई. ह्योच येतो."

मी विचारलं — का विचारलं, कोण जाणे — "आणि कान, मावशी?"

"कुटला कान?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, काही नाही.

उजवा कान जरा बाहेर आलेला. खालचा ओठ हसताना एका बाजूला. मान डावीकडे. त्याच्या आईकडून ते गेलं, आता जगात फक्त माझ्याकडे आहे. मेण घरात आहे. बोटं अजून थरथरत नाहीत. दुपारी मी अजूनही झोपतो.

साचा तोच आहे. यंदाचे फौजी गच्चीवर वाळत घातलेत.