बा पाणी पाहायला उतरला

मी आधीच सांगून ठेवते, ह्या गोष्टीला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण माझ्या बाला हसू नका. त्याला हसलेलं मला अजूनही खपत नाही. त्या दिवशी बोटीवरची पांढऱ्या पाटलोणीतली माणसं कठड्याला रेलून हसत होती, आणि मी त्यांच्या अंगावर धावूनच गेले असते. पण मी तेव्हा बादलीत तोंड घालून ओकत होते.

आमचा तांडा केळापूरच्या पलीकडे, झरीकडे जाणाऱ्या वाटेवर. गोवा मोकळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही भिया म्हणायचो, तिकडे रस्त्याच्या कामावर ट्रक चालवायला लागला होता. त्या साली कापूस बरा पिकला. होळी आटोपली आणि बानं जाहीर केलं की पोराकडे जायचं, आणि मुंबईहून बोटीनं जायचं. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या फिरली, पण बैलांच्या पाठीवर दुसऱ्याचं मीठ लादून फिरली. नुसतं पाहायला म्हणून तांड्यातून कोणी बाहेर पडलं नव्हतं. बाच्या आज्यानं मीठ आणायला जाऊन समुद्र पाहिला होता म्हणे, आणि बाला तो एकदा डोळ्यांनी पाहायचा होता.

"कायले पायजे समुद्र?" याडी म्हणाली. याडी म्हणजे आई. "पाणी तं आपल्या नाल्यातबी हाये."

"नाल्याचं पाणी चैतात आटते," बा म्हणाला. "मले न आटनारं पाहाचं हाये."

घरात आम्ही आमची गोरबोली बोलायचो, गावात वऱ्हाडी. मी पांढरकवड्याला शाळेत शिकत होते, त्यामुळे पुस्तकी मराठी बोलायचं काम माझ्याकडे. तिकिटं मी विचारायची, पाट्या मी वाचायच्या. सगळा तांडा आम्हाला पोचवायला मोटर स्टँडवर आला. बायका याडीच्या गळ्यात पडून अशा रडल्या की कंडक्टरनं मला विचारलं, कोण गेलं.

आता बाची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. आमचे लमाण तांडे माल घेऊन निघायचे तेव्हा जिथं मुक्काम पडेल तिथं घरातला वडीलधारा आधी उतरायचा, पाण्याशी जायचा, वास घ्यायचा, चूळ भरायचा. त्यानं हात वर केला की मग बैल सोडायचे, मग बायकापोरांनी प्यायचं. ह्याला आमच्यात 'पाणी पाहणं' म्हणतात. बैल गेले, मीठ गेलं, आम्ही शेतकरी झालो, तरी बाची ही सवय गेली नाही. यवतमाळच्या स्टँडवर गाडी थांबली की बा चरवी घेऊन खाली. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, पण थांबायचा. धामणगावहून रेल्वेत बसलो तर प्रत्येक मोठ्या स्टेशनावर बा नळाशी. शिट्टी झाली की पळत येऊन दांडा धरायचा. याडी शेजारणीला कौतुकानं सांगायची, "त्याईनं पाह्यल्याबिगर आमी पीत नाई."

भाऊच्या धक्क्यावर बानं बोट पाहिली. एवढं लोखंड पाण्यावर कसं राहतं हे त्यानं एका खलाशाला विचारलं. खलाशी म्हणाला, "राहतं." बाला तेवढं पुरलं.

वरच्या मजल्यावर सुटीला निघालेली साहेबी मंडळी, त्यांचा ग्रामोफोन, त्यांच्या आरामखुर्च्या. खाली डेकवर आम्ही, वळकट्या, बोचकी आणि कोंबड्या. याडीच्या आरशांच्या घागऱ्याभोवती लगेच पोरं जमली. शेजारी एक कोळीण होती, तोंडानं फटकळ, हातांनी दांडगी. तिनं दोन धमक्या देऊन पोरं हाकलली आणि आम्हाला बसायला जागा करून दिली.

तासाभरात बोट झुलायला लागली. मी आडवी झाले. बा, ज्याला जन्मात कधी पडसं झालेलं मी पाहिलं नव्हतं, तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "हे जनावर नीट चालत नाई." याडीला काही म्हणजे काही झालं नाही. ती छकड्यात बसावी तशी मांडी घालून बसली, आणि भाकर-मिरची खात आमच्याकडे पाहून कीव करत राहिली. मला तिचा असा राग आला होता.

बोटीवरच्या पाण्याला लोखंडाचा आणि तेलाचा वास येत होता. बानं एक घोट तोंडात घेऊन थुंकला आणि आम्हाला प्यायची बंदी केली. दुपारी बोट एका बंदरासमोर थांबली. किनारा लांब होता. लहान होड्या आल्या, माणसं शिडीवरून उतरू लागली, दुसरी चढू लागली. बानं चरवी उचलली.

"पानी पाहून येतो," तो याडीला म्हणाला, आणि लाल पागोटं सावरत, इतका अशक्त असूनही ताठ चालत त्या शिडीवरून होडीत उतरला.

मला हे कळलं तेव्हा भोंगा झाला होता. बोटीचा भोंगा म्हणजे मोटरचा हॉर्न नाही, तो कोणाला बोलवायला वाजवत नाहीत, बोट निघाली म्हणून वाजवतात. हे बाला कोण सांगणार? वरची मंडळी खाली पाहून हसत होती, की तांब्या घेऊन कोणी परसाकडे गेला आणि बोट चुकला.

याडी उठली ती धावलीच. घागरा सावरत ओल्या पत्र्यावरून ती कठड्याकडे निघाली, लोखंडी पायरीवर पाय घसरला, आणि उजव्या हातावर पडली. कोपर जागचं निघालं, हे मलासुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसलं.

बोटीवर प्रवासी म्हणून एक डॉक्टर होते, पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे. ते स्वतः खाली आले. त्यांनी हात पाहिला, मग याडीच्या दंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

आमच्या बायका दंडात चुडा घालतात. हाडाच्या पांढऱ्या, जाड बांगड्या, कोपरापासून वर काखेपर्यंत. लग्नात चढवतात, त्या नवरा असेस्तोवर उतरवायच्या नाहीत. नवरा गेला की तांड्याच्या बायका बसून त्या काढतात. दुसऱ्या कशासाठी चुडा उतरलेला मी तरी ऐकला नव्हता. याडीचा चुडा तर दंडात रुतून बसला होता, आणि आता कोपराची सूज वर चढत होती.

"हे कापावं लागेल," डॉक्टर मला म्हणाले. "बोटं गार पडलीत. रक्त अडलंय. उशीर केला तर हात जाईल. त्यांना समजावून सांग."

मी सांगितलं.

"जाऊ दे हात," याडी म्हणाली.

त्यात आणखी एक झालं. त्या बंदरावर चढलेला एक माणूस सांगत होता, की किनाऱ्यालगत होडी लाटेत कलली आणि लाल पागोट्याचा कोणी म्हातारा पाण्यात पडला. काढला का, विचारलं तर म्हणे आमची होडी तोवर सुटली होती, मी पाहिलं नाही. बोटीच्या कारकुनाला विचारलं, तो म्हणाला, उद्याच्या बोटीनं येतील, काळजी करू नका. त्याला काय, त्याचा बा थोडाच होता.

"ऐकलं ना?" याडी म्हणाली. "मानूस पान्यात हाये. आन् मी त्याच्या नावाचा चुडा कापू? मंग तो येईन कायच्या भरवशावर?"

मी भडकले. मला राग आला की मी लहानमोठं पाहत नाही, आणि भीती वाटली की मला रागच येतो. म्हटलं, "तुले काही समजते का? बा तिकडं काठावर बसून बिडी ओढत असन, आन् तू अठी हात सडवून राह्यली."

"तुह्या तोंडात साखर पडो," ती म्हणाली. "पन पाह्यलं का तू त्याईले?"

 तिची नखं निळी दिसायला लागली होती. कपाळावर घाम होता, पण ती कण्हत नव्हती, नुसती हात पोटाशी धरून बसली होती. डॉक्टर बिचारे उकिडवे बसून तिला आई म्हणत होते, आणि ती मान हलवत होती. मला तिची इतकी दया आली आणि इतका संताप आला, की मी तिथंच भोकाड पसरलं.

तेव्हा ती कोळीण पुढं सरकली. तिनं याडीला काही समजावलं नाही. आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. उजवा हात रिकामा.

"ह्यो बघ," ती म्हणाली. तिची बोली मला अर्धीच लागत होती, पण अर्थ कळला. त्यांच्यात लग्नातच उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. नवरा रोज त्याच्या अंगावर जाणार, तर त्याची राखण कर म्हणून. मग तो हात जन्मभर तसाच ठेवायचा. तिचा नवरा आत्ता, ह्या घटकेला, मासे धरायला गेला होता.

मी एकेक वाक्य याडीला आमच्या बोलीत सांगितलं. तिनं त्या रिकाम्या मनगटावरून आपला डावा हात फिरवला.

"राखते का पन समुद्र?" तिनं विचारलं.

कोळीण खोटं बोलली नाही. "माज्या बापाला नाय राखलान," ती म्हणाली. "नवऱ्याला राखतंय."

"मग देता कशाला?" हे मी विचारलं, माझ्या तुसड्या स्वभावानं.

ती माझ्याकडे वळली. "मग काय करू? घरात बसून नुसती वाट बघू?"

याडीनं डोळे पुसले. मग डॉक्टरांना म्हणाली, "कापा. पन तुकडा एकबी खाली पडू देऊ नका."

इंजिनखोलीतून बारीक करवत आणली. डॉक्टरांनी चुड्याखाली फडकं सरकवलं आणि एकेक बांगडी कापली. याडी ओढणी पसरून बसली होती, तुकडे तिनं स्वतः गोळा केले. कोपर बसवताना ती ओरडली नाही, मीच ओरडले. मग हात गळ्यात बांधलेला, कोळणीनं तिला कमरेला धरलेलं, अशी ती कठड्याशी गेली आणि डाव्या हातानं एकेक तुकडा समुद्रात सोडला. सोडताना आमच्या बोलीत त्याच्याशी काही बोलली. काय बोलली ते मी ऐकलं, पण सांगणार नाही.

सकाळी पणजीला भिया धक्क्यावर उभा होता. बा उतरला त्या बंदरावर त्यानं तार केली, उत्तर आलं नाही. दिवसभर याडी अन्नाला शिवली नाही. बोटांना रंग आला होता, हात वाचला होता, पण ती त्या हाताकडे पाहतच नव्हती. आरशासमोरून जाताना ओढणीनं दंड झाकायची.

दुसऱ्या सकाळी बोट लागायच्या कितीतरी आधी आम्ही धक्क्यावर होतो. बोट लागली, फळी टाकली, माणसं उतरू लागली. एवढ्या टोप्यांमध्ये लाल पागोटं मला लगेच दिसलं.  भिया हसायला लागला, मग रडायला लागला. याडी उभी राहिली, ओढणी खांद्यावरून सरली, पण तिचं लक्ष नव्हतं.

बा फळीवरून अर्धा आला आणि त्यानं तिचा दंड पाहिला. तो तिथंच थांबला. मागची माणसं ओरडायला लागली, ढकलायला लागली, तेव्हा कसाबसा खाली आला. त्याचे गुडघे सोलवटलेले होते, धोतर मिठानं कडक झालं होतं. पडलेला म्हातारा तोच होता, होडीवाल्यांनी काढला होता. पण हे आम्हाला नंतर कळलं.

"मले मेला धरलं तू?" तो म्हणाला. "एका दिवसात?"

मी बाला चिडलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. असा दुखावलेला कधी पाहिला नव्हता.  याडी मान हलवत होती आणि डाव्या हातानं दंड झाकत होती.

मग मी सुटले. भर धक्क्यावर, शंभर माणसांत, मी माझ्या बाला बोलले. म्हटलं, तुमी पानी पाहाले गेले, आन् इनं तुमच्यासाठी हात गमवाले काढला होता. हात जाऊ दे म्हने, पन चुडा कापू देनार नाई. अन् कापला तवा फेकला नाई, समुद्राले देल्ला, तुमाले राखाले. सांगा, कोनं मेला धरलं तुमाले?

बा खाली बसला. जवळ काथ्याच्या दोरांचा ढीग होता, त्याच्यावर. तो तिच्या दंडाकडे पाहत होता, जिथं चुड्यानं इतक्या वर्षांत चामडी पांढरी पडून खोलगट वळ झाले होते. मग त्यानं पागोटं उतरवलं. आमच्यात चारचौघांत पागोटं उतरवणं साधी गोष्ट नाही. त्यानं त्याचं टोक दातात धरून एक पट्टी फाडली, याडीला जवळ बसवलं, आणि चुडा होता तिथं ती गुंडाळायला लागला. 

"सैल बांधा," याडी म्हणाली. "सूज हाये अजून."