खजुराच्या डब्यातली फ्लॉपी

एका कार्यालयाने निकामी सामान लिलावात काढलं तेव्हा लोकांनी खुर्च्या उचलल्या, पंखे उचलले, आणि मी तीन मेलेले कॉम्प्युटर उचलले. घरी बायकोने कपाळाला हात लावला. "रेडिओ कम थे क्या?" तिचं चुकलं नव्हतं. अहेरीतलं माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बापाच्या वेळचं, त्यात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. पण धडकी, चालण्याजोगी वस्तू मेली म्हणून कोणी फेकली की माझं डोकं फिरतं, त्याला मी काय करू?

एका मशीनमध्ये उंदरांनी घर केलं होतं, दुसरीच्या पॉवर सप्लायमध्ये पाल जळून चिकटली होती. मी तिन्ही खोलल्या, कार्डं खोडरबराने घासली, कीबोर्डची बटणं साबणाच्या पाण्यात धुऊन परातीत वाळवली आणि चार महिन्यांनी तिन्हींची मिळून एक जिवंत केली. हार्डडिस्क मात्र गेली ती गेलीच. एका फ्लॉपीवरून मराठी लिहायचा प्रोग्राम चालू करायचा आणि लिहिलेलं दुसऱ्या ड्राइव्हमधल्या फ्लॉपीत साठवायचं, असा कारभार. हिरव्या पडद्यावर पहिला "अ" उमटला तेव्हा मी शेजारच्या पानठेल्यावाल्याला हात धरून दाखवायला आणलं होतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नव्या मशिनी शहरात आल्या होत्या, आमच्याकडच्या पोरांनी त्या फक्त चित्रात पाहिलेल्या. शुक्रवारी नमाजानंतर मी गिऱ्हाईक घेत नसे, तेव्हा चार-पाच जणं शिकायला यायची. मास्तर म्हणून मी खाष्ट होतो. मशीन उघडून जोडता आल्याशिवाय चालवू देत नसे. एक खराब फ्लॉपी कापून आतली तपकिरी चकती दाखवायचो आणि सांगायचो, "कॅसेटचीच जात हाय ही." आणि पहिला नियम हा, की मशीन बिघडली म्हणायच्या आधी चांगली फ्लॉपी लावून पाहा. ती चालली तर दोष मशीनचा नाही.

त्यांच्यात एक मुलगी होती. दहावीची, वसतिगृहात राहणारी, भामरागडकडच्या माडिया घरातली. तिचा बाप झाडपाल्याचं औषध द्यायचा. आसपासच्या गावांतली माणसं त्याच्याकडे येत. त्याच्या घशात गाठ झाली होती आणि आवाज बसत चालला होता. त्याला लिहिता येत नव्हतं. सुट्टीत घरी गेली की ही त्याच्याजवळ बसायची. तो माडियात सांगायचा आणि ही मराठीत वहीत लिहायची, कोणतं झाड, साल की मूळ, कशावर, किती दिवस. बापाचा आवाज जायच्या आत सगळं उतरवून घ्यायचं, एवढीच तिची धडपड होती.

एका शुक्रवारी ती वही घेऊन आली. पेटीत वाळवी लागून कोपरे खाल्ले गेले होते. तेव्हा मी शहाणपणा केला. "कागद उदई खाते, पोरी. हे प्लास्टिक कोन खाईन? मशीनमंधी टाक सारं."

ती दोन बोटांनी लिहायला लागली. दर शुक्रवारी एक-दोन पानं. तिची बोटं चुकली की मी मागून ओरडायचो, आणि ती न चिडता पुन्हा लिहायची. असे चार महिने गेले. शेवटचं पान झालं त्या दिवशी तिने विचारलं, "वहीचं काय करू जी भाऊ?" मी म्हणालो, "टाकून दे. त्यातली उदई दुसरी पुस्तकंबी खाईन." तिने वही वसतिगृहातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातली. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे जाऊ नये, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल!

दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करायला हवी होती. सरावाची एक होती, पण तिच्यावर पोरांचे खेळ होते आणि ते पुसायचं जिवावर आलं. चंद्रपूरहून नवी आणू म्हटलं. मग तिची परीक्षा झाली, ती गावी गेली आणि फ्लॉपी माझ्याकडे ठेवून गेली.

मी ती अगदी जपून ठेवली. खजुराच्या पत्र्याच्या डब्यात, उंदीर लागू नयेत म्हणून. डब्याचं झाकण सैल होतं. जळालेल्या भोंग्याच्या स्पीकरमधलं एक मोठं चुंबक माझ्या टेबलावर कायम असायचं, स्क्रू हरवू नयेत म्हणून. तेच मी झाकण आणि डबा दोन्ही धरेल असं कडेला लावलं. घट्ट बसलं. कॅसेटजवळ चुंबक ठेवू नका, आतलं सारं पुसलं जातं, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होतो. डोक्याला ठाऊक होतं. हाताने आपली सवय केली, आणि डोकं त्या वेळी कुठे होतं कोण जाणे.

दोन महिन्यांनी ती आली. "बाबा गेला जी भाऊ," म्हणाली. "माझा काका म्हनते, मी करतो आता औषधाचं काम. त्याले अर्धंच येते. बाबाची फ्लॉपी लावून द्या."

मी डबा काढला. चुंबक हातात आलं तेव्हा कळलं, मी काय करून बसलो होतो ते. तरी फ्लॉपी लावली. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर चूक असल्याची ओळ आली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "मशीन बिघडली वाट्टे," मी म्हणालो. "सुधरवून ठेवतो."

तीन शुक्रवार मी हे खोटं चालवलं. गावाहून बस पकडून ती यायची आणि मी तिच्यासमोर धडधाकट ड्राइव्ह उघडून स्पिरिटने पुसत बसायचो. पार्ट यायचा आहे, म्हणायचो. ती मला स्क्रू काढून द्यायची. नमाजात उभा राहिलो तरी तो डबा डोळ्यांपुढे यायचा.

चौथ्या शुक्रवारी मी मशिदीतून परतलो तर ती दुकानात मशीनपुढे बसलेली. बायकोने कुलूप उघडून दिलं होतं. पडद्यावर पोरांचा खेळ चालू होता. तिने सरावाची फ्लॉपी लावून पाहिली होती, मीच शिकवल्याप्रमाणे.

"मशीन त बरी हाय, भाऊ," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं, चुंबकासकट. रडलो, हेही लिहितो. तिने डबा बघितला, चुंबक हातात घेऊन बघितलं, परत टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिने पिशवीतून नवी वही काढली आणि आठवेल तसं लिहायला लागली. कुठे झाडाचं नाव आठवे, पण कशावर ते आठवत नसे. तिथे ती जागा सोडायची. दुसरं पान संपेपर्यंत सोडलेल्या जागाच जास्त झाल्या.

मग तिने मान वर केली. "भाऊ, तुमी त दर खेपेले माझ्या मांगं उभे राहत होते. तुमी वाचलं असन ना? आठवते तेवढं सांगा."

मी उभा होतो हे खरं. पण मी बघत होतो पडदा थरथरतो का, वेलांटी जागेवर बसते का, ड्राइव्हचा आवाज बरोबर येतो का. माझी मशीन कशी छान चालते, हेच चार महिने बघत होतो. तिच्या बापाची एक ओळसुद्धा मी वाचली नव्हती. डबा, चुंबक, ते तीन शुक्रवार, या सगळ्यापेक्षा मला आजही याचीच जास्त लाज वाटते.

"नाई वाचलं, पोरी," मी म्हणालो.

तिने वही मिटली, पिशवीत घातली आणि शेवटची बस सुटायच्या आत स्टँडकडे निघाली.